बाळ अंगावर पित असताना आईने स्वतःची काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की बाळ तीन आठवड्यांचं आहे, दिवसरात्र अंगावरच असतं, पाजताना दुखतं, झोप नाही. भेटेल तो ‘स्वतःची काळजी घे गं’ म्हणतो आणि जातो, पण ती कधी घ्यायची आणि कशी, हे कोणी सांगत नाही. मी बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे, माझी मुलंही अंगावरच वाढली, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी हिशोब मांडू. एवढंसं बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं मिळून एका खेपेला पाऊण तास धरला तरी रोजचे सहा ते नऊ तास यातच गेले. त्यामुळे ‘बाळ झोपलं की निवांत आंघोळ कर, थोडा व्यायाम कर, एखादा छंद जोपास’ असले सल्ले मला पटत नाहीत. भरलेल्या ताटात आणखी वाढल्यासारखं आहे ते. माझ्या मते सध्या तुमची काळजी म्हणजे दोनच गोष्टी: जी कामं दुसऱ्याला जमतात ती तुमच्याकडून काढून घेणं, आणि जे फक्त तुम्हालाच करता येतं ते न दुखता होईल असं बघणं.

दुखण्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर अडतं. सुरुवातीच्या दिवसांत बाळाने तोंडात धरताना क्षणभर कळ येणं वेगळं. तीन आठवड्यांनीही पूर्ण वेळ दुखतंय, तर बहुतेक वेळा बाळाने नुसतं टोक धरलेलं असतं. पाजून झाल्याझाल्या निपलकडे नीट बघा. एका बाजूने चेपून तिरकं झालंय किंवा टोकावर पांढरी रेघ दिसतेय, तर पकड उथळ आहे.

ती सुधारायची अशी. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, नाक निपलसमोर. निपल त्याच्या वरच्या ओठाला हलकं लावा आणि थांबा. ते जांभईएवढं तोंड उघडेल, त्या क्षणी बाळाला छातीकडे आणा. आपण उलटं करतो, छाती बाळाकडे नेतो, पुढे वाकतो आणि मग पाठही धरते. हनुवटी आधी टेकली पाहिजे, आणि काळा भाग खालच्या ओठाकडून जास्त आत गेला पाहिजे. वरून थोडा दिसला तरी चालतो. जमलं नाही तर ओढून काढू नका. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी हिरड्यांमध्ये घाला, हवा आत गेली की पकड सुटते, मग पुन्हा धरवा. दोन-तीन दिवस असं करूनही दुखत राहिलं, तर स्तनपान सल्लागाराला किंवा अनुभवी नर्सला प्रत्यक्ष पाजताना दाखवा. जिभेखालचा पडदा आखूड असणं, बुरशीचा संसर्ग अशी कारणंही असतात, ती घरी कळत नाहीत. भेगांना साबण लावू नका. शेवटचे दोन थेंब दूध पसरून वाळू द्या किंवा लॅनोलिनचं मलम लावा.

दिवसातून निदान काही वेळा कुशीवर झोपून पाजा. टाके असतील तर त्याने फार आराम पडतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात कळ येत असेल, तर बाळाला काखेत अंगठे घालून उचलणं बंद करा. एक हात कुल्ल्यांखाली, एक मानेखाली, असं उचला.

आता झोप. ‘बाळ झोपलं की तूही झोप’ हे ऐकून तुम्ही वैतागला असाल, मीही वैतागायचे. तुकड्या-तुकड्यांची झोप अंगी लागत नाही. सलग चार तासांचा एक तुकडा मिळवा. बाळाचं वजन जन्मावेळच्या वजनावर परत आलं असेल (साधारण दोन आठवड्यांत येतं), तर संध्याकाळी पोटभर पाजून त्याला नवऱ्याकडे किंवा घरातल्या कुणाकडे द्या आणि दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. बाळ रडलं तर आधी त्यांनी ढेकर, लंगोट, खांद्यावर घेणं करून बघायचं. खरी भूक असेल तरच तुमच्याकडे आणायचं, आणि पिऊन झालं की परत त्यांनी न्यायचं. हे मागायला लाजू नका. एक मात्र कटाक्षाने पाळा: डोळे मिटत असताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. तिथे आई झोपून बाळ फटीत अडकण्याचा, गुदमरण्याचा धोका बिछान्यापेक्षाही जास्त असतो.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. दूध तयार करायला रोज साधारण ४०० ते ५०० कॅलरी जादा लागतात, म्हणजे भूक खरी आहे, आता वजन उतरवायच्या मागे लागू नका. पाणी तहान लागेल तेवढं प्या. पाजायला बसलं की लागतेच, म्हणून भरलेली बाटली आणि एका हाताने खाता येईल असं काहीतरी हाताशी ठेवा. लोक तांब्याने पाणी पाजतात, पण त्याने दूध वाढत नाही. छाती जितकी रिकामी होते तितकं नवं दूध बनतं, मुख्य गणित एवढंच. दिवसाला दोनेक कप कॉफी चालते.

छातीत दुखरी गाठ, त्यावर लाली, अंगात ताप असं झालं तर पाजणं थांबवू नका. ते दूध बाळाला बाधत नाही. गाठ जोर लावून रगडू नका. पूर्वी तसं सांगायचे, पण त्याने सूज वाढते. गार पट्टी ठेवा, नेहमीसारखं पाजत राहा, आणि २४ तासांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

मनाचं. बाळंतपणानंतरचं उगाच रडू येणं साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचे ते दिवस उलटलेत, म्हणून विचारते: अजूनही बराच वेळ उदास वाटतं का, बाळ झोपलं तरी झोप येत नाही का, कशातच रस नाही का? तसं असेल तर डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला वापरतात ती, १९८७ साली प्रसिद्ध झालेली एडिनबरा प्रश्नावली फक्त १० प्रश्नांची आहे, त्यावरून पुढची दिशा ठरते. या आजारावर औषधं आहेत आणि त्यातली बरीच अंगावर पाजताना चालतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच क्षणी कुणाला तरी सांगा आणि दवाखाना गाठा. पान्हा फुटण्याआधी काही सेकंद एकदम खिन्न वाटून काही मिनिटांत निवळत असेल, तर ती वेगळी गोष्ट. हार्मोनच्या चढउतारामुळे काहींना तसं होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, डोकं दुखलं तर गोळी घेऊ का. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, एरवी तुम्हाला चालत असतील तर, पाजतानाही चालतात. कोडीन असलेली गोळी नको. पण डोकं असह्य दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय किंवा अंधुक दिसतंय, बरगड्यांखाली दुखतंय, तर गोळी घेऊन झोपू नका. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो धोकादायक वाढू शकतो, गरोदरपणी नॉर्मल असला तरी.