आंदोलनाला जायचं आहे, पण एवढा पोलीस बंदोबस्त पाहूनच पाय गळतात. तुम्हाला भीती वाटते का? ती कशी घालवता?

वाटते. आणि ती जात नाही.

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार, नवरात्राचे दिवस. मुंबईतल्या आरे कॉलनीतली झाडं वाचवण्यासाठीच्या याचिका त्याच दिवशी उच्च न्यायालयानं फेटाळल्या होत्या. रात्री मेसेज आला, मेट्रोच्या गाड्या ठेवायच्या कारशेडच्या जागेवर झाडं पाडतायत. मी आरेजवळच्या मरोळची. होते तशी रिक्षात बसले.

आत हॅलोजनचा पांढरा उजेड आणि करवतींची घरघर. मधेच ती थांबायची, मग धप्प. प्रत्येक वेळी शेजारचं कुणीतरी हुंदका द्यायचं. समोर पोलिसांची साखळी. घोषणा द्यायला तोंड उघडलं तर घशाला कोरड. लाठीची भीती नव्हती. उद्या ऑफिसात काय सांगू, लेकीला शाळेत कोण सोडेल, हेच डोक्यात. माझ्या शेजारच्या कॉलेजच्या मुलीला गाडीत चढवलं. जाळीतून तिनं आईचा नंबर ओरडून सांगितला. माझ्याकडे पेन नव्हतं, मोबाइल बंद पडलेला. मी मागे सरले आणि घरी पोहोचेपर्यंत ते दहा आकडे पुटपुटत राहिले. तिच्या आईनं पहिल्याच रिंगला फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी जमावबंदी, आरेत जायचे रस्ते बंद. एकूण २९ जणांना अटक, रविवारी जामीन. सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं झाडं तोडणं थांबवलं. तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती.

माझा मोठा भाऊ अजून दर भाऊबीजेला म्हणतो, ‘निकाल लागल्यावर रस्त्यावर उतरायचं कशाला? चांगल्या घरच्या बायका रात्री पोलिसांसमोर उभ्या राहत नाहीत.’ दादा, निकालावर वर दाद मागायची वाट मोकळी होती, म्हणूनच रातोरात करवती चालवल्या. सोमवारपर्यंत थांबले असते तर ती झाडं उभी असती. आणि चांगल्या घरच्या बायका तिथे होत्या, पाड्यांवरच्या आदिवासी बायका तर सगळ्यांत पुढे. मला लाज वाटते ती त्या गाडीपासून मागे सरल्याची. गेल्याची कधीच वाटली नाही.

तेव्हा जा. एकट्यानं जाऊ नका. घरचा आणि वकिलाचा नंबर दंडावर पेनानं लिहून ठेवा, मोबाइल पूर्ण चार्ज करा. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर कारण अपवादात्मक लागतं, महिला अधिकारी लागते आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कोर्टापुढे उभं करावंच लागतं. हे तोंडपाठ असलं की निदान आवाज फुटतो.

एक सांगायचं राहिलं. मला स्वतःला अटक झालेली नाही आणि माझी नोकरी खाजगी आहे. तुम्ही सरकारी नोकरीत असाल किंवा आधीची एखादी केस असेल, तर निघण्यापूर्वी वकिलाशी बोला. त्या २९ जणांवरचे गुन्हे मागे घेण्याची घोषणा सरकार बदलल्यावर झाली. तोवरचे दोन महिने त्यांच्या घरच्यांनी कसे काढले असतील, ते मला घरी बसून सांगता येणार नाही.