ड्रोनचा फोटो म्हणजे नकाशा नव्हे

प्रश्न : ड्रोनने वरून काढलेल्या गावाच्या फोटोला 'हवाई नकाशा' म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये. नाशिकमध्ये प्लॉटच्या जाहिरातीपासून ग्रामसभेपर्यंत हा शब्द ऐकून कान किटले, आणि लोक त्या फोटोवर पट्टी लावून अंतरेही मोजतात! १५२ मिमी नाभीय अंतराचा (फोकल लेंग्थचा) कॅमेरा सपाटीपासून ३,०४० मीटरवर असला, तर सपाटीचे प्रमाण १:२०,००० येते, म्हणजे फोटोवरचा १ मिमी जमिनीवर २० मीटर. मध्येच ३०० मीटर उंच डोंगर असेल, तर माथ्याचे प्रमाण होते १:१८,०००. फोटोच्या मध्यापासून ८० मिमीवर दिसणारा माथा बाहेरच्या बाजूला जवळजवळ ८ मिमी सरकलेला असतो; सपाटीच्या मापाने दीडशे मीटरहून जास्त.

हीच सरक कामालाही येते. लागोपाठचे फोटो ६० टक्के आणि शेजारच्या फेरीतल्या फोटोंच्या रांगा ३० टक्के एकमेकांवर आल्या, की फोटोंच्या जोडीतून उंची कळते आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेघा) खोलीत बसून ओढता येतात. प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायचा तिपाईवरचा फळा) घेऊन डोंगर चढण्याचे महिने वाचतात ते इथे. गावांची नावे आणि दाट झाडीखालची जमीन यांसाठी मात्र पायपीट चुकत नाही.

पण खरी गंमत शब्दात आहे. 'नकाशा' फारसीतून आला, मूळ अरबी 'नक़्श' : कोरणे, रंगवणे. नाशिकच्या भांडी बाजारातल्या ताम्हनावरची 'नक्षी' त्याचीच सख्खी बहीण. तिच्यातला 'ष' पाहून काही जण तिला संस्कृत ठरवतात. साफ चूक! संस्कृत 'नक्ष्' म्हणजे जवळ जाणे, पोहोचणे. कोरण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. 'त्याचा नक्षा उतरवला' मधला नक्षाही याच घरातला. संगणक येण्यापूर्वी टोपोशीटची (जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या नकाशाची) समोच्च रेषा खरोखर कोरत असत : प्लॅस्टिकच्या फिल्मवरचा रंगीत लेप बारीक सुईने खरवडायचा, खालची पारदर्शक रेघ उघडी पडली की तीच छपाईला जायची. हात जड पडला तर रेघ फाटे, हलका पडला तर लेप राहून रेघ तुटे. कोणती रेघ ठेवायची, कोणती गाळायची, हे कोरणारा आधी ठरवतो. कॅमेरा काहीच गाळत नाही, म्हणून माझ्या मते 'नकाशा' या शब्दावर फोटोचा हक्कच नाही. हिंदीतून 'मानचित्र' उचलून आणायचीही गरज नाही.

उंचीमुळे आलेली सरक काढून टाकलेला फोटो असेल, तर त्याला 'ऑर्थोफोटो' म्हणा. त्यावर पट्टी खुशाल लावा.