घरच्या स्विमिंग पूलचं पाणी रोज कमी होतं आणि साफ केला तरी घाण परत येते. वॉटरप्रूफिंग कोणतं करावं?

तुम्ही लिहिलंय की शेतातल्या घरचा पूल रोज दोन बोटं उतरतो, घासून काढला तरी तिसऱ्या दिवशी तळाला गाळ बसतो, आणि मिस्त्री टाइल्स उखडून नवीन वॉटरप्रूफिंग करा म्हणतो. मिस्त्रीला आजच थांबवा. आमच्या घरी कुणी थांबवलं नाही.

आमचा संत्र्याचा बगीचा वरुड तालुक्यात. पूल २० फूट लांब, १२ फूट रुंद, साडेचार फूट खोल, म्हणजे साधारण ३० हजार लिटर पाणी. हौस म्हणून बांधला नाही. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर शेवाळ धरलं की पोहता येणारा माणूसही काठावर चढू शकत नाही, आणि आमच्याकडे शेततळी जागोजागी आहेत. घरच्या पोरांनी पोहायला घरीच, कुणाच्या तरी नजरेखाली शिकावं, एवढंच मनात होतं. मोठ्या भावाला ते पहिल्या दिवसापासून पटलं नाही. "इथं बोअरले पानी नाही अन् तुले पोरायसाठी टाकं पाहिजे," हे मी किती वेळा ऐकलं असेल.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पाणी उतरायला लागलं. रोज दोन इंच. आमच्या पुलात एक इंच म्हणजे साडेपाचशे लिटर. भाऊ रोज सकाळी बोअर लावून भर टाकायचे आणि टाकता टाकता मला सुनवायचे. त्याच सुमारास पाणी गढूळही राहायला लागलं. तळ घासून पंप लावला की इनलेटच्या, म्हणजे गाळलेलं पाणी पुलात परत सोडणाऱ्या पाइपच्या, तोंडातून पिवळसर माती धुरासारखी परत पुलात यायची. मी तेव्हाच म्हणालो, फिल्टरमधून माती परत येते म्हणजे दुखणं फिल्टरकडे आहे, आधी तिकडे बघू. भाऊ आणि मिस्त्री दोघांचं एकच: जमीन काळी आहे, पूल फाटला.

काळ्या मातीबद्दल मिस्त्री खोटं बोलत नव्हता. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचं बांधकाम तिच्याबरोबर हलतं. पण म्हणूनच आम्ही तळाची तीन फूट काळी काढून मुरूम दाबून भरला होता. प्रत्येक थर पाणी मारून धुम्मस केला होता, मी स्वतः उभा राहून. ते कुणी विचारातच घेतलं नाही.

मी चार दिवस नागपूरला गेलो होतो. परत आलो तर पूल रिकामा आणि तळाच्या अर्ध्या टाइल्स उखडलेल्या. मे महिना, ऊन ४५ अंशांवर. रिकामा पूल दहा दिवस तसाच तापला आणि उथळ बाजूच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग पडली. आधी ती नव्हती. मग वॉटरप्रूफिंग झालं, टाइल्स बसल्या, ६० हजारांवर खर्च गेला. पूल भरला. दुसऱ्या दिवशी दोन इंच खाली.

शेवटी सापडलं ते आईला. मृग बहारासाठी बगीचा ताणावर होता, म्हणजे पावसाच्या तोंडाला फुलं फुटावीत म्हणून झाडांचं पाणी तोडलं होतं; एकूण एक झाड मलूल, पानं गुंडाळलेली. आई धुऱ्यावरून आली आणि म्हणाली, "त्या दोन झाडायले पानी कोन देते रे?" जाऊन पाहिलं तर कोपऱ्यातली दोन झाडं टवटवीत, खाली हिरवीगार हरळी. कुदळीनं उकरलं. वीतभर मातीखाली आमच्याच बॅकवॉश पाइपचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्याचं घाण पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपचं, तोंड निघालं. पंप चालू, व्हॉल्व्ह 'फिल्टर'वर, म्हणजे तिथं थेंबही यायला नको. आणि करंगळीएवढी धार सुरू होती.

वाळूच्या फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह खोलला; पाणी फिल्टरमधून पुलात जायचं की बॅकवॉशच्या पाइपला, हे त्याचा दांडा ठरवतो. आत चाकाच्या आऱ्यांसारखं रबराचं गॅस्केट असतं. त्याचा एक आरा खाचेतून निघून दुमडला होता. त्या फटीतून थोडं पाणी बॅकवॉशच्या पाइपला जात होतं आणि थोडं वाळूतून न जाता, मातीसकट, सरळ पुलात परत येत होतं. गळती आणि घाण, दोन्ही तिथलीच. गॅस्केट काही शे रुपयांचं. पंप चालू असताना व्हॉल्व्हचा दांडा फिरवला की ते असं उखडतं. भाऊ म्हणतात, "मी फिरवला नाही." मी पंप बंद केल्याशिवाय दांड्याला हात लावत नाही, आणि त्या खोलीत तिसरं कुणी जात नाही.

त्या वर्षी त्या दोन झाडांना मृगाचा बहार फुटला नाही.

आता तुमचं. बादलीत पुलाचंच पाणी घ्या, वजनाला दगड टाका आणि पायरीवर अशी ठेवा की आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीला येईल. दोन्हीकडे खूण करा. २४ तास पंप चालवून बघा, मग पुन्हा खूण करून २४ तास पंप बंद ठेवून. बादली आणि पूल सारखे उतरले तर ते ऊन आहे. मे महिन्यात आपल्याकडे रोज सेंटिमीटरभर जातंच. पंप चालू असताना पूल जास्त उतरला तर व्हॉल्व्ह किंवा परतीचा पाइप. पंप चालू-बंद दोन्ही वेळा सारखाच जास्त उतरला तर पुलाचं अंग किंवा फिटिंग. मग पाणी कोणत्या पातळीला येऊन थांबतं ते बघा, गळती बहुधा त्याच उंचीवर असते. तिथं पंप बंद करून नीळ कालवलेलं पाणी हळूच सोडलं की ती भेगेकडे ओढली जाताना दिसते.

रोज बोअरचं पाणी भरत राहिलात तर कोणतंही केमिकल टिकणार नाही. आमच्याकडचं पाणी जड, पीएच चढता. पीएच ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग काम करतो, ८ ला जेमतेम पाव. भाऊ ब्लीचिंग पावडरची पोती ओतायचे आणि पाणी पांढरं व्हायचं, कारण तिच्यातला चुना पाण्यातच राहतो. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा, क्लोरीन संध्याकाळी टाका, दिवसा ऊन ते खाऊन टाकतं.

आणि पाण्याच्या नासाडीचं म्हणाल तर आमची गळती महिन्याला अख्खा पूल घेऊन जात होती. पोरं पोहल्यानं पाणी संपत नाही. भावाला हे अजून मान्य नाही.

दोन गोष्टी राहिल्या. ट्रायक्लोरच्या गोळ्या (पुलात टाकायचं दुसऱ्या प्रकारचं क्लोरीन) आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, एका मगात कोरड्यासुद्धा नाही, पेट घेतं. आणि पुलाच्या अंगातच गळती निघाली, तर वॉटरप्रूफिंग करावंच लागेल, पण पावसाळ्यात पूल रिकामा करू नका. खालचं पाणी तळ वर उचलतं. उन्हाळ्यातही रिकामा ठेवायचा तर ओलं बारदान टाकून ठेवा. आमच्या कोपऱ्यातली ती भेग मागच्या हिवाळ्यात भरून घेतली, आता पाणी उतरत नाही.