हॉस्पिटल चांगलं, पण कशासाठी?

या वेळी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारलीये, त्यामुळे एका प्रश्नाला जास्त जागा दिली, बाकीचे दोन थोडक्यात.

प्रश्न : नमस्कार सिस्टर, दोन महिन्यापूर्वी मिस्टरांची बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून सांगलीला आलो, सासूसासरे बरोबर आहेत. सासऱ्यांना (वय ७१) बीपी, शुगर आणि आठ वर्षापूर्वी एक स्टेंट टाकलाय, सासूबाईंचे गुडघे गेलेत. पुण्यात फॅमिली डॉक्टर होते, एक फोन केला की काम व्हायचं. इथे कुणालाही विचारा, वेगळंच नाव सांगतात आणि एकजण ज्याला देव म्हणतो त्यालाच दुसरा कसाई म्हणतो. गुगलवर बघावं तर सगळ्यांनाच चारच्या वर स्टार. चांगलं हॉस्पिटल ओळखायचं कसं?
– एक सून, सांगली

उत्तर : नाव मी सांगणार नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत वाचून तुम्ही चिडाल. पण एक सांगू का, तुम्ही डॉक्टरांच्या बाबतीत नशीबवान गावात आलाय. शेजारच्या मिरजेत वॉनलेस या मिशनरी डॉक्टर साहेबांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून तिथे कर्नाटकातनं पेशंट येतायत आणि आजही मिरज म्हटलं की लोकांना दवाखानेच आठवतात. तेव्हा तुमची अडचण हॉस्पिटल नाही ही नाहीये, भारंभार आहेत ही आहे.

तुमच्या घरात दोन पेशंट आहेत आणि दोघांसाठी हॉस्पिटल वेगळं असू शकतं, हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. सासूबाईंच्या गुडघ्याला घाई नाही. मिरज, कोल्हापूर, पुणे कुठेही करा, तीन सर्जनना दाखवा, महिन्याला किती गुडघे करता, इन्फेक्शन झालेले किती, फिजिओथेरपी कोण करून घेणार, बेधडक विचारा. इम्प्लांटच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ पासून मर्यादा घातलीये, त्यामुळे कुठल्या कंपनीचा आणि किती रुपयाचा हे एस्टिमेटमध्ये वेगळं लिहून मागा.

सासऱ्यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी तुम्हाला हॉस्पिटल शोधायचंय ते रात्री दोन वाजताचं.

हे मी घरच्या अनुभवावरनं सांगतेय. माझे थोरले दीर, छातीत दुखायला लागलं म्हणून आम्ही गावातल्या सगळ्यात चकाचक हॉस्पिटलात नेलं, काचेची बिल्डिंग, खाली कॉफी शॉप, बाहेर बोर्डावर हार्ट सेंटर. आणि मी स्वतः २६ वर्ष वॉर्डात काढलेली बाई, मला सुद्धा विचारायचं सुचलं नाही की कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) आहे पण ती चालवणारा डॉक्टर आहे का. तो आठवड्यातनं तीन दिवस दुसऱ्या गावाहून यायचा आणि त्या दिवशी त्याचा वार नव्हता. दीड तास तिथे गेला, मग दुसरीकडे रेफर. दीर वाचले पण हार्टचं पंपिंग जे कमी झालं ते झालंच.

म्हणून आता एक दिवस दुपारी मोकळ्या वेळेत, कुणी आजारी नसताना, घरापासून जवळच्या दोन तीन हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जाऊन या. लाजू नका. रात्री इथे कोण डॉक्टर असतात विचारा. बऱ्याच छोट्या हॉस्पिटलात रात्रीचे आरएमओ, म्हणजे हजर असणारे ड्युटी डॉक्टर, बीएएमएस किंवा बीएचएमएस (आयुर्वेद किंवा होमिओपॅथीवाले) असतात, त्यात काहीजण फार हुशार असतात, मी पाहिलेत, पण मोठा डॉक्टर घरनं किती मिनिटात पोचतो हे कळायला हवं. अँजिओप्लास्टी रात्रीची पण होते का? सीटी स्कॅन इथेच आहे की बाहेर पाठवता? हे दुसरं का, तर शुगर बीपीवाल्याला पॅरालिसिसचा पण धोका असतो आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासाच्या आत द्यावं लागतं, ते सुद्धा आधी सीटी काढून रक्तस्राव नाही ना बघूनच. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलायला लागले की जवळच्या ओळखीच्या डॉक्टरकडे आधी नेऊन बघू असं करण्यातच ते साडेचार तास जातात. सांगली मिरज दहाच किलोमीटर, पण संध्याकाळी ते दहा किलोमीटर किती लांब असतात हे तुम्हाला आता कळलं असेलच. गाडी नसेल तर १०८.

तिथे उभ्या असाल तेव्हा नुसतं बघा पण. सिस्टर एका पेशंटकडनं दुसऱ्याकडे जाताना हाताला सॅनिटायझर लावते का, सलाईन बदलायला नातेवाईकांना हाका माराव्या लागतात का, आयसीयूत एका सिस्टरकडे किती पेशंट आहेत. मावशींशी दोन शब्द बोला, मावशींना सगळं माहीत असतं. भिंतीवर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावलीये का तेही बघा, राज्याच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनी ती लावणं सक्तीचं केलंय. एनएबीएचचा (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) बोर्ड असेल तर बरंच, म्हणजे निदान कागद आणि पद्धत ठीक असणार, पण त्यावरनं डॉक्टरचा हात कळत नाही. गुगलचे स्टार मी बघतच नाही, फक्त एक स्टारवाले शांतपणे वाचते. पार्किंगची तक्रार सोडून द्यायची, पण दहा वेगवेगळे लोक बिल अचानक वाढलं असंच म्हणत असतील तर त्यात काहीतरी असतं.

मग त्यातलं एक ठरवा आणि सासऱ्यांना साध्या शुगर तपासणीला तिथल्या फिजिशियनकडे न्या, जुनी फाईल दाखवा, स्टेंटचं कार्ड दाखवा, केसपेपर काढून ठेवा. डॉक्टर ऐकून घेतो का, जास्तीच्या तपासण्या का लिहिल्या विचारलं तर चिडतो का, हे ५०० रुपयाच्या ओपीडीत कळलेलं बरं.

प्रश्न : मी दुबईत असतो, आईवडील कोल्हापूरला. पाच लाखाची पॉलिसी आहे, कॅशलेस आहे, तरी गेल्या वर्षी वडिलांच्या बिलातले बरेच पैसे आम्हालाच भरावे लागले. हॉस्पिटलने फसवलं का?
– एक मुलगा, दुबई

उत्तर : बहुतेक नाही हो, रूमने फसवलं. तुमच्या पॉलिसीत रूमला दिवसाला पॉलिसीच्या रकमेच्या एक टक्का अशी अट असणार, म्हणजे ५,००० रुपये. आईबाबांना त्रास नको म्हणून तुम्ही तिकडनं फोनवर डिलक्स रूम घ्या म्हणाला असाल, ती समजा ८,००० ची. मग कंपनी फक्त रूमचे वरचे ३,००० कापत नाही, डॉक्टर व्हिजिट, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळंच त्या प्रमाणात कापते (औषधं आणि इम्प्लांट सोडून). म्हणजे असं बिल १,६०,००० झालं तर मिळणार १,००,०००. हॉस्पिटल निवडताना टीपीए डेस्कवर (हॉस्पिटलातलं विम्याचं काउंटर) विचारायचा पहिला प्रश्न कॅशलेस आहे का हा नाहीच, माझ्या लिमिटमध्ये कुठली रूम बसते हा आहे. आणि डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं तर सांगा की विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे कंपनीने तीन तासात मंजुरी द्यायची आहे.

प्रश्न : आमचं केशरी रेशनकार्ड. भावाच्या ऑपरेशनला हॉस्पिटल म्हणतं फुले योजना आहे पण या आजाराला नाही. असं कसं?
– एक वाचक, विटा

उत्तर : असू शकतं. १ जुलै २०२४ पासून योजना सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, पांढऱ्याला पण, कुटुंबाला वर्षाला पाच लाखापर्यंत. पण हॉस्पिटल काही ठराविक विभागांसाठीच योजनेत असतं, म्हणजे किडनीसाठी असेल आणि हाडांसाठी नसेल. काउंटरवरच्या माणसाशी वाद घालू नका, तिथे योजनेचा माणूस, आरोग्यमित्र बसतो त्याला शोधा, तो जागेवर नसेल तर १५५३८८ ला फोन करून भावाचं ऑपरेशन जवळपास कुठल्या हॉस्पिटलात योजनेत होतं तेवढं विचारा. कुठेच बसलं नाही तर धर्मादाय हॉस्पिटल बघा, त्यांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० च्या आत असेल तर मोफत, ३,६०,००० च्या आत असेल तर सवलत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर नको.