निळा टँग: तीन फुटी टाकीत नको, आणि क्वारंटाइनशिवाय तर कुठेच नको

तुमचा प्रश्न असा: पुण्यात तीन फुटी, साधारण 190 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, सुरू होऊन सात महिने झाले. आत दोन क्लाउनफिश आणि थोडे मऊ प्रवाळ. मुलीला निळा टँग हा समुद्री मासा हवाय, दुकानात दोन इंचांचा आलाय आणि दुकानदार म्हणतो, "मोठा झाला की आम्ही परत घेऊ." तर घ्यावा का?

नका घेऊ. आज दोन इंचांचा दिसतोय तो मासा पूर्ण वाढला की फुटभर होतो. त्याला दिवसभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहायला लागतं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच म्हणजे 680 लिटरची टाकी मी त्याच्यासाठी कमीत कमी धरतो. तीन फुटांत तो मरेलच असं नाही, पण सतत बिचकत राहील, आणि बिचकलेला टँग आजारी पडतोच.

"परत घेऊ" यावरही विसंबू नका. हा मासा रात्री खडकांच्या फटीत अंग घुसवून आडवा झोपतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मेलाच असं वाटून मी घाबरलो होतो. तिथून त्याला बाहेर काढायचं म्हणजे सगळी रचना उपसावी लागते. शिवाय शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, तो जाळ्यात अडकतो आणि हातही कापतो. पकडायची वेळ आलीच तर जाळं नको, प्लास्टिकचा डबा वापरा.

आता मुख्य मुद्दा, व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग. टँगना तो फार चटकन लागतो. माझा पहिला निळा टँग मी दुकानातून आणून थेट टाकीत सोडला होता. छान खात होता. पाचव्या रात्री दिवे बंद झाल्यावर टॉर्च मारला, तर कल्ल्यांजवळच्या परांवर मिठाचे कण चिकटावेत तसे ठिपके. दहा दिवसांत तो गेला आणि त्याच्यामागून आधीचे तीन मासेही गेले. ते मला आजही लागतं, कारण ते टाळता आलं असतं.

हा परजीवी माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो, मग गळून तळाशी कवच करून बसतो. त्यातून नवी पिल्लं बाहेर पडायला किमान तीन दिवस लागतात. म्हणून क्वारंटाइन, म्हणजे मुख्य टाकीत सोडण्याआधी मासा वेगळा ठेवायचा आणि दर तीन दिवसांच्या आत नव्या पाण्याच्या, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टबात हलवायचा, असं चार वेळा. जुन्या टबातलं पाणी थेंबभरही सोबत न्यायचं नाही. टब, हीटर, एअर पंप, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, एवढ्यावर भागतं. कॉपरचं औषधही चालतं, पण ते वेगळ्या टाकीतच. मुख्य टाकीत पडलं तर प्रवाळ आणि कोळंबी संपतात. रोग मुख्य टाकीत शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती 76 दिवस माशांविना ठेवावी लागते.

पुढे मोठी टाकी केलीत, तर पैसे आधी चिलरवर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) आणि वीज गेल्यावर चालणाऱ्या एअर पंपावर खर्च करा. मे महिन्यात पाणी 30 अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, आणि त्याचा त्रास टँगना लवकर होतो. रोज बिनमसाल्याची साधी नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) क्लिपला लावा आणि जोडीला फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) द्या. नुसत्या गोळ्यांवर ठेवू नका. दुकानात विचारा की मासा टाकीत पैदा झालेला आहे का. 2016 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात निळ्या टँगची पैदास पहिल्यांदा जमली, त्याआधीचा प्रत्येक निळा टँग समुद्रातून पकडलेलाच होता.

मुलीसाठी एक सुचवतो: यलोटेल डॅमसेल. गडद निळं अंग, पिवळी शेपटी, तीनेक इंचांपुढे वाढत नाही. तुमच्या टाकीत एक आरामात राहील. डॅमसेल थोडे भांडखोर असतात, त्यातल्या त्यात हा शांत. क्लाउनफिश आधीच स्थिरावलेत, त्यामुळे हा शेवटी सोडायचा. आणि हो, टबातले बारा दिवस त्यालाही काढायला लावा.