व्यवस्थापकाची मुख्य कार्ये कोणती, आणि प्रत्यक्ष कारखान्यात तो ती कशी पार पाडतो?

तुमचा प्रश्न असा आहे की, वाणिज्य शाखेच्या पुस्तकात नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय आणि नियंत्रण अशी सहा कार्ये दिलेली असतात. पण पुढच्या महिन्यात जळगावच्या डाळ मिलमध्ये सहायक व्यवस्थापक म्हणून रुजू झाल्यावर यांतले नेमके काय करावे लागेल, आणि त्यांत सर्वांत महत्त्वाचे कोणते? मी गेली 19 वर्षे जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याचे काम पाहतो, त्यामुळे उदाहरणे कापसाचीच देईन.

प्रथम या यादीविषयी. तिचे मूळ हेन्री फेयॉल या फ्रेंच खाण अभियंत्याकडे जाते. 1888 साली ते अडचणीत आलेल्या एका कोळसा व पोलाद कंपनीचे प्रमुख झाले, ती त्यांनी सावरली, आणि त्या अनुभवातून 1916 मध्ये व्यवस्थापनाची पाच कार्ये मांडली: भविष्याचा अंदाज घेऊन आखणी, संघटन, आज्ञा, समन्वय व नियंत्रण. पुढे 1955 मध्ये कुंट्झ आणि ओ'डोनेल या अमेरिकी अभ्यासकांनी कर्मचारी व्यवस्थापन हे स्वतंत्र कार्य मानले, आज्ञेच्या जागी निर्देशन घेतले आणि समन्वय हा सर्वच कार्यांचा गाभा ठरवला. फेयॉल यांनी आपली मांडणी खाण चालवून केली होती, हे मला फार मोलाचे वाटते; कारण ही यादी पाठ करण्यापेक्षा कामाला लावून पाहिली की तिचा अर्थ उलगडतो.

आमच्याकडे गणेश चतुर्थीला कापूस खरेदीचा मुहूर्त होतो, खरी आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास वाढते. पण नियोजन भर पावसाळ्यातच सुरू होते. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईची एक गाठ 170 किलोची, म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. दिवसाला 100 गाठी बांधायच्या असतील तर रोज 500 क्विंटल कापूस, तेवढा उचलणारे मजूर, तेवढे चालणारे रेचे (सरकीपासून रुई सोडवणारी यंत्रे) आणि तेवढ्या खरेदीचे पैसे यांची जुळणी आधीच करावी लागते. हे आकडे कागदावर नसतील तर त्याला मी नियोजन म्हणत नाही, ती केवळ इच्छा असते.

आता नियंत्रण. पुष्कळ नवे व्यवस्थापक त्याचा अर्थ पाळत ठेवणे असा घेतात आणि माणसे दुरावतात. नियंत्रण म्हणजे ठरलेला आकडा व घडलेला आकडा शेजारी ठेवणे, आणि फरक सुधारता येईल इतक्या लवकर ठेवणे. रुईचा उतारा, म्हणजे क्विंटलमागे निघणारी रुई, 34 किलोवरून 33 वर आला तर 500 क्विंटलमागे 500 किलो रुई, म्हणजे जवळजवळ तीन गाठी, त्या एकाच दिवशी गेल्या. महिनाअखेरीस हिशोबात हे कळून उपयोग नाही. म्हणून मी सकाळी पाळी सुरू झाल्यावर सर्वांत आधी रेच्याखाली पडणारी सरकी मूठभर हातात घेऊन चोळून पाहतो. तिच्यावर नेहमीपेक्षा जास्त रुई राहिलेली दिसली तर त्या रेच्याचे रोलर किंवा सुरी तपासायला फिटरला तिथल्या तिथे सांगता येते. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे उत्तर हेच आहे: नियोजन आणि नियंत्रण ही एकाच दोरीची दोन टोके आहेत, आणि ती दोन्ही हातात असतील तर बाकीची कार्ये शिकता येतात.

समन्वय मात्र मी नुकसान सोसून शिकलो. एका हंगामात परतीचा पाऊस लांबला होता. फाटकावरील ग्रेडरने मॉइश्चर मीटर लावून पाहिले, ओलावा जास्त म्हणून भावात कपात केली आणि माल घेतला. त्याचे काम त्याने चोख केले. पण ती नोंद खरेदीच्या वहीतच राहिली. ढीग लावणाऱ्या मुकादमाला ती कळण्याची कोणतीही व्यवस्था मी केलेली नव्हती, त्यामुळे ओला कापूस कोरड्यावर पडला. चार दिवसांनी ढिगात हात घातला तेव्हा आतून ऊब लागली. रुई पिवळसर निघाली आणि गाठींच्या किमतीत मोठी कपात सोसावी लागली. दोन माणसांनी आपापले काम नीट करूनही मधला दुवा नसल्याने हे घडले, आणि तो दुवा जोडणे ही माझी जबाबदारी होती. तेव्हापासून प्रत्येक ट्रॉलीसोबत ओलाव्याचा आकडा लिहिलेली चिठ्ठी ढिगापर्यंत जाते व ओला माल वेगळा पसरला जातो.

संघटनाबद्दल एकच सांगतो: जबाबदारी देताना तेवढाच अधिकार द्या. कापसातून खडा किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला तर ठिणगी पडून आग लागू शकते. म्हणून आमच्याकडे यंत्र थांबवण्याचा अधिकार तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक मजुराला आहे, आणि विनाकारण थांबवले म्हणून कोणालाही बोलणी खावी लागत नाहीत.

कर्मचारी व्यवस्थापनात आपल्या भागाची ओळख हवी. आमचे बरेच मजूर सातपुड्यातले आहेत. होळीच्या आधी तिकडे भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचे सणाचे बाजार, भरतात, तेव्हा ते गावी जाणारच, आणि त्यांनी जावे हे योग्यच आहे. हे माहीत असूनही त्या आठवड्यात पूर्ण उत्पादन धरणारा व्यवस्थापक नंतर मजुरांना दोष देतो, पण चूक त्याच्या आखणीत असते. आम्ही ते दिवस यंत्रांच्या दुरुस्तीसाठी आधीच राखून ठेवतो. निर्देशनाचाही मोठा भाग यातच येतो. ज्याच्या सणाची तुम्ही आठवण ठेवता, तो तुमचे सांगणे मनापासून ऐकतो.

कॅनडाचे अभ्यासक हेन्री मिंत्झबर्ग यांनी पाच मोठ्या अधिकाऱ्यांचे काम प्रत्येकी एक आठवडा जवळून पाहिले, तेव्हा त्यांचा दिवस छोट्या छोट्या, मध्येच तुटणाऱ्या कामांचा बनलेला आढळला. तुमचाही तसाच असेल. ही कार्ये क्रमाने समोर येणार नाहीत. वजनकाट्यावरच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात कधी तीन-तीन एकत्र येतील.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मागील दोन-तीन हंगामांच्या वह्या मागून घ्या. एक क्विंटल तुरीमागे डाळ किती निघाली, चुनी (डाळीचा बारीक चुरा) किती, कोंडा किती, हे महिन्यावार काढा, आणि ज्या महिन्यात उतारा घसरला आहे त्याचे कारण तिथल्या सर्वांत जुन्या कामगाराला विचारा.