कोणाच्या शेजारी काय ठेवायचं? वाचकांचे प्रश्न

जुनी छायाचित्रं, छापील चित्रं आणि टाकून दिलेल्या वस्तू यांतून घडवलेल्या कलाकृतींच्या प्रदर्शनावर मागच्या अंकात लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत ‘ही कला कशी?’ असं विचारणारे थोडे, ‘हे करायचं कसं आणि टिकवायचं कसं?’ असं विचारणारे जास्त. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : सायकलचं सीट भिंतीवर लावलं की कलाकृती झाली का? कलाकाराने नेमकं काय केलं, हे प्रेक्षकाने ओळखायचं कसं?

सीटचंच उदाहरण घेऊ. पिकासोने १९४२ साली सायकलचं सीट आणि हँडल या दोनच वस्तू जोडून बैलाचं मुंडकं केलं. बघताना बैल दिसतो आणि सीटही दिसतं. दोन्हींतलं एक दिसेनासं झालं, तर त्या कामात काही उरत नाही. द्युशाँने १९१७ मध्ये मुतारीचं भांडं आडवं ठेवून त्यावर टोपणनावाने सही केली. तिथे जोडकाम शून्य, बदलली ती वस्तूची जागा. हाना होखने मासिकांतले फोटो कापून त्यांची नवी माणसं बनवली. शेरी लेवाइनने १९८१ मध्ये वॉकर इव्हान्सच्या छायाचित्रांचे फोटो काढून तेच मांडले. बदललं फक्त कर्त्याचं नाव. म्हणजे जोडणं, हलवणं, कापणं आणि जसंच्या तसं पुन्हा टिपणं, यांतलं समोरच्या कामात काय घडलंय ते आधी शोधा. मग बघा, एखादा तुकडा मनातल्या मनात काढून टाकला तर काम बिघडतं का? बिघडत नसेल तर तो तुकडा शोभेचा.

लेबलवर नुसतं ‘मिश्र माध्यम’ लिहिलेलं असेल तर तो आळस समजावा. ‘सापडलेलं छायाचित्र, शिशाचे छपाईचे खिळे (म्हणजे छापखान्यातली सुटी अक्षरं), लोखंडी तार, सागाची पेटी’ असं लिहिल्याने बघणाऱ्याला कळतं, आणि पन्नास वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्यालाही.

प्रश्न : कोलाजसाठी मूळ जुना फोटो कापावा की त्याची प्रत?

आधी हातात काय आहे ते ओळखा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग लावा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील चित्र. करड्या छटा सलग दिसल्या तर बहुधा खरा फोटो. एकच प्रत असलेला कौटुंबिक फोटो कापू नये, हे आमचं स्पष्ट मत. वर्तमानपत्राचं कात्रण निर्धास्त कापा, पण त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातून आलेलं द्रव्य, उजेडात पिवळं पडतं आणि कागद आम्ल होऊन ठिसूळ होतो, हे धरून चाला. त्यामुळे मूळ कात्रण फाइलमध्ये आणि कामात प्रत, हा व्यवहार बरा.

प्रत काढताना हिशोब सोपा आहे. छपाई ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) होणार असेल आणि चित्र तिप्पट मोठं करायचं असेल, तर स्कॅन ९०० डीपीआयला करा. छापील चित्र स्कॅन करताना ठिपक्यांवर ठिपके येऊन लाटांसारखी नक्षी उमटते. ती घालवायला जास्त रिझोल्यूशनला स्कॅन करून मग आकार कमी करा. मोठ्या आकारात ठिपके दिसले तर खुशाल दिसू द्या. चित्र कुठून आलं ते तेच सांगतात. छपाई पिगमेंट शाईने, सुती कागदावर.

कापताना ११ नंबरचं टोकदार पातं घ्या आणि ते किंचित आतल्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे कागदाची पांढरी कड खाली दडते. तरीही दिसली तर त्याच छटेच्या वॉटरकलर पेन्सिलने हलका हात फिरवा.

प्रश्न : चिकटवलेला कागद वाळल्यावर लाटा येतात. काय चुकतं?

पाणी आणि तंतूंची दिशा. ओला झालेला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. वरचा आणि खालचा कागद वेगवेगळ्या दिशांचे असतील तर वाळताना ते एकमेकांना खेचतात. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वळतो, त्या वळणाच्या घडीला समांतर तंतू असतात. दोन्ही कागदांची दिशा एक ठेवा.

चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ उत्तम. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी. अर्धा तास भिजवून मंद आचेवर सतत ढवळत वीस ते तीस मिनिटं शिजवा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी अर्धपारदर्शक झाली की उतरवा, थंड करून गाळा, लागेल तसं पाणी घाला. पातळ थर द्या, मग पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, टीपकागद, वर सपाट वजन. पहिला टीपकागद पंधरा मिनिटांनी बदला, नंतर दर काही तासांनी. निदान एक दिवस वजन हलवू नका. घाई केली की लाटा परत येतात.

जिलेटिनच्या थराचा जुना फोटो मात्र खळीने चिकटवू नका. जिलेटिन पाण्याने फुगतं आणि टीपकागदालाच चिकटून बसतं. तो कागदी कोपऱ्यांत अडकवा. रबर सिमेंट आणि चिकटपट्टी दोन्ही टाळा. काही वर्षांत त्यांचे तपकिरी डाग कागदातून आरपार येतात.

प्रश्न : काचेच्या बंद पेटीत जुना फोटो, रबरी चेंडू आणि छपाईचे खिळे मांडले. वर्षभरात फोटोच्या कडा निळसर चमकू लागल्या आणि खिळ्यांवर पांढरी भुकटी आली. बुरशी आहे का?

बुरशी नव्हे. पेटीतल्या शेजाऱ्यांचं एकमेकांशी पटत नाहीये.

व्हल्कनाइज केलेल्या रबरात गंधक असतं. त्यातून निघणारे वायू फोटोतल्या चांदीवर हल्ला करतात. लोकरीची बनातही तेच करते. चांदी पृष्ठभागावर येऊन आरशासारखी चमकते, ती आधी कडांना आणि गडद भागांत. खिळ्यांचं दुखणं वेगळं. एमडीएफ (लाकडी भुसा दाबून केलेली फळी), ओक, ताजा तैलरंग, काही गोंद यांतून अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ निघते, आणि शिसं त्या वाफेला फार लवकर बळी पडतं. उघड्या खोलीत ही वाफ पांगते, बंद पेटीत साठते. पेटी जितकी हवाबंद, तितका धोका जास्त, हे बऱ्याच जणांना उलट वाटतं.

ती भुकटी शिशाचीच आहे, म्हणजे विषारी. नायट्राइलचे हातमोजे घाला, फुंकर मारू नका, ओल्या कपड्याने टिपून तो कपडा बंद पिशवीत टाका. मग रबर बाहेर काढा किंवा त्याची रेझिनमधली प्रतिकृती ठेवा. बघणाऱ्याला फरक कळत नाही. फोटोच्या जागी प्रत. पेटीच्या आतल्या लाकडाला अॅल्युमिनियमचा थर असलेली फिल्म लावा, कारण नुसत्या वार्निशने वाफ थांबत नाही. नवी पेटी करणार असाल तर आतून पावडर-कोट केलेला धातू किंवा अॅक्रिलिक घ्या. संग्रहालयं एखादं साहित्य पेटीत चालेल का हे बघायला ते चांदी, तांबं आणि शिशाच्या पत्र्यांबरोबर बंद नळीत, ओलाव्यात, ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात. पत्रा डागाळला की साहित्य बाद.

अशा पेट्यांत सायनोअॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, वापरणारे पुष्कळ आहेत. त्याची वाफ आसपासच्या चकचकीत भागांवर पांढरी साय धरते, आणि धक्का बसला की सांधा काचेसारखा तुटतो. जड वस्तू तारेने किंवा स्क्रूने बांधा. हलक्या वस्तूंना अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ हे अॅक्रिलिक रेझिन, जे पुढे अॅसिटोननेच सोडवता येतं.

प्रश्न : भंगारातून आणू नये अशा काही वस्तू आहेत का?

आहेत. अंधारात चमकणारी जुनी घड्याळाची तबकडी. तिच्यावर रेडियम असू शकतं, उघडू किंवा खरवडू नका. पोपडे निघालेला जुना रंग, कारण त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची सेल्युलोज नायट्रेटची फिल्म, जी भयंकर ज्वालाग्राही असते. फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल तर संशय धरावा.

लाकडातून बारीक भुसा गळत असेल तर आत किडा आहे. लाकूड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून सीलबंद करा आणि उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पुढचे २४ तास उघडू नका, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं. रंगवलेल्या फळ्यांना हा उपाय करू नये.

प्रश्न : वस्तू बसवलेली १२ किलोंची चौकट तारेने टांगली तर चालेल?

एका खुंटीवर नको. तार जितकी सपाट, तितका ताण वाढतो. तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर तिच्या प्रत्येक बाजूवर पूर्ण १२ किलोंचा ताण येतो. १५ अंश असेल तर सुमारे २३ किलोंचा. शिवाय पुढे आलेल्या वस्तूंमुळे चौकट पुढे कलते. ४५ अंशांत कापलेल्या दोन लाकडी पट्ट्या घ्या. एक भिंतीला, दुसरी चौकटीला, एकीत दुसरी अडकते. चौकटीच्या तळाशी मागून पट्टीच्याच जाडीचा तुकडा लावला की ती सरळ उभी राहते. कामाचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर येऊ द्या. उजेड कागदासाठी ५० लक्सच्या आसपास (लक्स हे उजेड मोजायचं एकक). नुकसान साठत जातं: ५० लक्सवर रोज आठ तास, नव्वद दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास, दिवे २०० लक्सचे केले तर तेवढ्याच दिवसांत चौपट.

प्रश्न : जुना अल्बम विकत घेतला, म्हणजे त्यातले फोटो वापरायचा हक्क मिळाला ना?

कागद तुमचा झाला, कॉपीराइट नाही. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्वसाधारण हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर निदान ५० वर्षं टिकतो (छायाचित्रांना देशाचा कायदा कमी मुदत देऊ शकतो) आणि अनेक देशांत ७० वर्षं. ‘मी त्यात बदल केला’ एवढं म्हणून सुटका होत नाही. अमेरिकेत जेफ कून्स हा कलाकार १९९२ मध्ये एका छायाचित्रावरून केलेल्या शिल्पासाठी हरला, आणि २००६ मध्ये मासिकातला फोटो कापून केलेल्या चित्रासाठी जिंकला. दुसऱ्या वेळी त्याला तो फोटो का हवा होता, हे त्याने न्यायालयाला पटवलं. तेव्हा काम सुरू करतानाच प्रत्येक चित्र कुठून आलं, कधी आलं, त्यातलं किती घेतलं आणि तेच का, याची वही ठेवा. ओळखू येणारे चेहरे जिवंत माणसांचे असतील तर कायदा काहीही म्हणो, आधी विचारावं.

प्रश्न : सापडलेल्या वस्तूवरची धूळ पुसावी का?

ती कामाचा भाग आहे का, हे जोडण्याआधी ठरवा. धूळ ओलावा धरते आणि लोखंडाला तिच्याखालीच गंज चढतो. ठेवायची असेल तर आधी फोटो काढून ठेवा, म्हणजे गॅलरीतल्या कोणी उत्साहाने फडका मारला तर मूळ कसं होतं ते दाखवता येईल.